लालबागच्या एका ताईंचा पांडुरोग: लोह कधी द्यायचं आणि कधी थांबवायचं

मी आयुर्वेदाची डॉक्टर, पेशंटच्या परवानगीने लिहितेय, ओळख पटेल असं सगळं बदललंय. औषधांचे डोस कुठेच दिलेले नाहीत आणि ते मुद्दाम, कारण आपल्याकडे व्हॉट्सअ‍ॅपवर फिरलेलं प्रिस्क्रिप्शन बघून थेट दुकानात जाणारी मंडळी कमी नाहीत, आणि लोहाच्या औषधांचं तसं करून अजिबात चालत नाही. का ते पुढे येईलच.

तर ताईंचं वय ४१, लालबागला चाळीत तिसर्‍या मजल्यावर घर, लोअर परळच्या ऑफिसवाल्यांना पोळी-भाजीचे डबे देतात. पहाटे साडेचारला उठायचं, कणीक मळण्यापासून डबे भरण्यापर्यंत सगळं एकटीने, मदतीला सासूबाई. तक्रार काय तर जिना चढला की छातीत धडधडतं, दोन माळ्यांच्या मध्ये थांबायला लागतं, केस गळतात, संध्याकाळी पाय जड होतात आणि सकाळी उठल्यावर डोळ्यांखाली सूज. हे दोनेक वर्षं चाललेलं. सोबत सासूबाई आल्या होत्या, बसायच्या आधीच सुरू झाल्या, "अहो डॉक्टर, रोज बीटाचा ज्यूस देते हिला, तरी रक्त काय चढत नाय बघा." आता बीटाबद्दल आधी बोलून घेते, रंग लाल आहे म्हणून लोकांचा फार विश्वास, पण १०० ग्रॅम बीटात लोह १ मिलीग्रॅमपेक्षाही कमी असतं. खा, चांगलं आहे, पण त्याच्या भरवशावर राहू नका.

डोळ्यांची खालची पापणी ओढून बघितली तर आतून पांढरीफटक, जीभ गुळगुळीत, नखं मधे चपटी होऊन कडा वर आलेल्या. चरकाने पांडूच्या, म्हणजे रक्त कमी झालेल्या पेशंटचं वर्णन अल्परक्त, अल्पमेदस्क, निःसार असं केलंय, ते समोर बसलेलं होतं. सीबीसी त्यांनी आणलेलाच नव्हता, आदल्या वर्षीचा एक कागद होता तोही फाटलेला. नवीन केला. एचबी म्हणजे हिमोग्लोबिन ६.९, एमसीव्ही म्हणजे लाल पेशींचा सरासरी आकार ५४, आरबीसी काउंट म्हणजे लाल पेशींची संख्या ४६ लाख, आणि लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन ४. बायकांमध्ये एचबी १२ च्या खाली गेलं की अ‍ॅनिमिया म्हणतात आणि एमसीव्ही साधारण ८० च्या वर लागतो, म्हणजे हिमोग्लोबिन कमी आणि पेशीही बारक्या, लोहाचा साठा तर जवळजवळ संपलेला. फक्त त्यातला तो ४६ लाखांचा आकडा मला खटकला. एचबी सातच्या खाली असताना पेशींची संख्या एवढी सहसा राहत नाही. पेनाने गोल केला आणि केसपेपरवर लिहून ठेवलं, लोह भरल्यावर परत बघणे.

एचबी सातच्या खाली आणि धडधड, त्यामुळे पहिल्याच दिवशी औषध न देता फिजिशियनकडे पाठवलं. आमच्यातल्या काही जणांना हे कमीपणाचं वाटतं, मला नाही वाटत. हृदयावर ताण आला असेल तर रक्त चढवायला लागतं, तिथे काढे-चूर्ण घेऊन बसायचं नसतं. ईसीजी, बीपी, थायरॉइड सगळं बघून त्यांनी सांगितलं की पेशंट स्टेबल आहे, खरं तर शिरेतून लोह द्यायला हवं. ताईंनी साफ नकार दिला, शेजारच्या कोणाला तरी इंजेक्शननंतर थंडी वाजून आली होती म्हणे. मग ठरलं असं की महिनाभर तोंडाने लोह घ्यायचं, एचबी किमान १ ने वाढलं तर पुढे चालू, नाहीतर सलाईन, आणि मधे दम लागला तर थेट अ‍ॅडमिट. हे तिघांसमोर बोललं गेलं आणि लिहूनही घेतलं.

लोहाच्या नेहमीच्या गोळ्या त्यांनी आधी घेतल्या होत्या. कॉन्स्टिपेशन झालं, पोटात मळमळ, काळी शी बघून घाबरल्या आणि सोडल्या. घ्यायच्या कशा ते विचारलं तर सकाळच्या चहाबरोबर! चहातलं टॅनिन लोहाला धरून ठेवतं, आतड्यातून आत जाऊच देत नाही. म्हणजे गोळी चांगली होती, वेळ चुकीची होती. हे एवढं जरी कोणी समजावलं असतं तरी निम्मं काम तिथेच झालं असतं.

आता माती. हे सहजासहजी कोणी सांगत नाही, विचारावं लागतं, आणि सासूबाईंना बाहेर पाठवून विचारावं लागतं. ताई तांदूळ निवडताना बसल्या बसल्या मूठ-मूठ कच्चे तांदूळ खायच्या, आणि शिवाय भाजकी माती. मुंबईत काही दुकानांत भाजक्या मातीच्या वड्या मिळतात, गरोदर बायका घेतात म्हणून विकणार्‍यालाही काही वाटत नाही. ताईंच्या पर्समध्ये कागदात गुंडाळलेली एक वडी निघाली. राखाडी-तांबूस, कडेला दातांचे व्रण. "पहिल्या पावसाचा वास येतो डॉक्टर, राहवतच नाही," म्हणाल्या, आणि लाजेने मान खाली.

इथे मला आपले जुने ग्रंथ खरंच भारी वाटतात. चरकाने चिकित्सास्थानाच्या १६ व्या अध्यायात पांडूचे पाच प्रकार सांगितले, वातज, पित्तज, कफज, सान्निपातिक आणि पाचवा मृद्भक्षणज, म्हणजे माती खाल्ल्याने होणारा. सुश्रुताने उत्तरतंत्रात हा पाचवा वेगळा मोजलाच नाही, त्याने माती खावीशी वाटणं हे पांडूच्या पूर्वरूपात टाकलं, म्हणजे आजार यायच्या आधीची खूण, आणि त्याच ओळीत डोळ्यांभोवतीची सूजही आहे. एक म्हणतो मातीमुळे पांडू, दुसरा म्हणतो पांडू येणार म्हणून माती. आणि मजा म्हणजे आजचे डॉक्टरही यावर एकमताचे नाहीत, लोह कमी पडलं की माती-बर्फ-कच्चे तांदूळ खावेसे वाटतात हे नक्की, पण काही प्रकारची माती पोटात लोहाला धरून ठेवते आणि कमतरता वाढवते हेही आहे. ताईंच्या बाबतीत दोन्ही चाललं होतं असं माझं मत. चरकाने माती सुटत नसेल तर उपायही दिलाय, विडंग, अतिविष, कडुनिंबाचा पाला, कुटकी अशा कडू औषधांची भावना दिलेली, म्हणजे त्यांच्या रसात खलून मुरवलेली मातीच खायला द्यायची म्हणजे किळस येऊन सवय सुटते. मी ते केलं नाही, गरज पडणार नाही असं वाटलं. मातीत जंत असतात, शिसं असू शकतं, एवढं सांगितलं आणि वडी माझ्याकडे ठेवून घेतली.

शिशाचा विषय निघाला तेव्हा अजून एक गोष्ट बाहेर आली. नात्यातल्या कोणीतरी गावाकडून रक्तवाढीच्या पुड्या आणून दिल्या होत्या, नाव नाही, लेबल नाही, लायसन्स नंबर नाही, लाल रंगाची पूड. बरेच महिने घेतलेल्या. माझी सटकली. कारण शिसं स्वतःच अ‍ॅनिमिया करतं, हिमोग्लोबिन तयार व्हायची साखळीच मधे तोडतं, म्हणजे रक्त वाढवायच्या पुडीने रक्त कमी व्हायचं. २००८ मध्ये अमेरिकेत इंटरनेटवर विकली जाणारी १९३ आयुर्वेदिक औषधं तपासली तेव्हा साधारण पाचातल्या एकात शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं होतं, आणि रसशास्त्राच्या, म्हणजे धातू-खनिजांच्या औषधांत हे प्रमाण जास्त होतं. आमच्या लोकांना हा अभ्यास आवडत नाही, टीका करायला जागाही असेल, पण म्हणून दुर्लक्ष करायचं नाही. ताईंच्या रक्तातलं शिसं तपासलं, नशिबाने रिपोर्ट ठीक आला. पुड्या बंद.

साहजिकच पुढचा प्रश्न त्यांनी मलाच विचारला, "मग तुमचं भस्म तरी कशावरून चांगलं?" बरोबर प्रश्न. स्टीलच्या वाटीत पाणी घेतलं आणि लोहभस्माची चिमूट वरून अलगद सोडली, ती बुडली नाही, पाण्यावर विटकरी साय धरावी तशी पसरली. त्यावर तांदळाचा एक दाणा ठेवला, तोही वरच राहिला. भस्म तरंगतं ती वारितर परीक्षा, दाणा तरंगणं ही तिच्या पुढची परीक्षा, भस्म बोटांच्या रेषांत शिरायला हवं ती रेखापूर्ण परीक्षा, तीही करून दाखवली. पण हेही सांगितलं की यातून भस्म किती बारीक झालंय एवढंच कळतं, शिसं आहे की नाही ते वाटीतलं पाणी सांगत नाही, त्यासाठी बॅचचा लॅब रिपोर्ट लागतो आणि मी तो मागवते. जी कंपनी रिपोर्ट देत नाही तिचं भस्म माझ्या कपाटात नसतं.

औषध काय दिलं? सुरुवातीचे काही दिवस फक्त पचनाकडे बघितलं, कारण भूकच नव्हती. मग नवायस चूर्ण आणि धात्री लोह. नवायस चरकाच्या याच अध्यायातलं आहे, सुंठ-मिरी-पिंपळी, हिरडा-बेहडा-आवळा, नागरमोथा, वावडिंग आणि चित्रक हे नऊ एकेक भाग, आणि लोह नऊ भाग. म्हणजे निम्मं औषध लोहच, उरलेलं निम्मं ते पचवायला, शिवाय वावडिंग जंतांसाठी. धात्री लोहात आवळा लोहाच्या दुप्पट असतो, सोबत ज्येष्ठमध आणि गुळवेलीच्या काढ्याच्या भावना. मुळात ते शूलासाठी, म्हणजे पोटदुखीसाठी सांगितलेलं, पण गोळ्यांनी ज्यांचं पोट बिघडतं त्यांना मला ते बरं पडतं. आवळ्यातल्या सी व्हिटॅमिनने लोह जास्त शोषलं जातं हे आज आपल्याला माहितीये, त्या लोकांना रसायनशास्त्र माहीत नसताना ही जोडी कशी जमली देव जाणे. पायांवरची सूज बघून थोडे दिवस पुनर्नवा मंडूरही होतं. मंडूर म्हणजे लोखंडाची जुनी मळी, १०० वर्षं जुनी असेल तर उत्तम असं ग्रंथात आहे, आणि ती गोमूत्रात शिजवतात. ताईंनी विचारलं कसला वास येतोय, मी खरं सांगितलं, त्यांनी तोंड वाकडं केलं पण घेतलं.

एक गोष्ट प्रामाणिकपणे. लोहभस्म म्हणजे रसायनाच्या भाषेत बहुतांशी लोहाचं ऑक्साइडच. त्याने एचबी वाढतं ते लोह मिळाल्यामुळे, त्यात जादू नाही, आणि म्हणूनच लोहाचे सगळे नियमही त्याला लागू. ग्रंथात पांडूला ताक हे अनुपान, म्हणजे औषध ज्याच्याबरोबर घ्यायचं ते, सांगितलंय, पण ताकातल्या कॅल्शियममुळे लोह कमी शोषलं जातं, म्हणून मी औषध वेगळ्या वेळी दिलं आणि ताक दुपारच्या जेवणात ठेवलं. यावर माझे गुरुजी नाराज होतील, होऊ देत. चहा औषधापासून लांब, लोखंडी तवा-कढई परत माळ्यावरून खाली, हळिवाचा लाडू, पालेभाजीवर लिंबू. डब्यांच्या धंद्यात पालेभाजी रोज होतेच, फक्त स्वतः खायला शेवटी उरत नव्हती. ताईंना सांगितलं, पहिला डबा स्वतःचा भरायचा.

तिसर्‍या आठवड्यात त्या आल्या आणि स्वतःच म्हणाल्या, "मातीची आठवणच येत नाही हो." लोह मिळायला लागलं की हे होतं, बर्‍याचदा एचबी वाढायच्या आधीच. चार आठवड्यांनी एचबी ८.२. सलाईन टळलं.

पण मुळात लोह चाललं होतं कुठे? पाळी. आठ-नऊ दिवस, गाठी पडायच्या, दोन-दोन पॅड लावून डबे करायच्या आणि हे सगळं त्यांच्या मते नॉर्मल होतं, कारण आईचंही तसंच होतं. साधारण २ मिलीलिटर रक्त गेलं की १ मिलीग्रॅम लोह जातं, आणि जेवणातून शरीर दिवसाला १-२ मिलीग्रॅमच घेतं, हिशोब तुम्हीच करा. सोनोग्राफीत गर्भाशयाच्या आतल्या पोकळीत वाढलेला फायब्रॉइड निघाला. आमच्याकडे असृग्दरासाठी, म्हणजे पाळीत जास्त रक्त जाण्यासाठी, पुष्यानुग चूर्ण, लोध्र, अशोकारिष्ट हे सगळं आहे आणि मी ते वापरते, साध्या जास्त पाळीत फरकही बघितलाय. पण पोकळीत बसलेली गाठ चूर्णाने विरघळते असं मी कोणाला सांगत नाही. सासूबाईंचं म्हणणं होतं "पिशवीला हात लावायचा नाही," कोणीतरी यूट्यूबवर गाठ विरघळवायचा काढा दाखवला होता. गायनॅक मॅडमनी नीट समजावलं की पिशवी काढायची नाहीये, दुर्बिणीने आत जाऊन फक्त गाठ काढायची, आणि तोवर पाळीच्या दिवसांत रक्तस्राव कमी करायच्या गोळ्या दिल्या. एचबी १०.१ झालं तेव्हा ऑपरेशन केलं, दुसर्‍या दिवशी घरी. पुढची पाळी पाच दिवसांत आटोपली.

इथे केस संपायला हवी होती. गंमत पुढेच आहे.

पाचव्या महिन्यात एचबी १०.८, फेरिटिन ३८. सातव्या महिन्यात १०.९, फेरिटिन ५२. म्हणजे साठा भरला, गळती थांबली, तरी एचबी ११ च्या पुढे सरकेना. घरच्यांचा धोशा सुरू, डोस वाढवा, अजून एखादं टॉनिक द्या, दुकानदाराने लोहासवाची बाटली सुचवलीय ती पण घेऊ का. ताईंना स्वतःला मस्त वाटत होतं, तीन माळे न थांबता चढत होत्या, पण रिपोर्टवर लाल अक्षरात कमी असं छापून येतं ना, ते लोकांच्या डोळ्यात खुपतं.

आता तो सुरुवातीचा गोल केलेला आकडा. सातव्या महिन्याच्या रिपोर्टमध्ये आरबीसी ५५ लाख आणि एमसीव्ही ६४. एमसीव्हीला आरबीसीच्या आकड्याने भागायचं, ५५ लाख म्हणजे ५.५ दशलक्ष, म्हणून ६४ भागिले ५.५, साधारण ११.६. हा भागाकार १३ च्या खाली आला की थॅलेसेमिया मायनरचा, म्हणजे हिमोग्लोबिनच्या एका आनुवंशिक दोषाच्या सौम्य प्रकाराचा, संशय घ्यायचा, हा मेंटझर इंडेक्स. नक्की निदान नाही, फक्त संशय. पहिल्या दिवशीचा भागाकारही ११.७ च येत होता, पण तेव्हा हिमोग्लोबिन ए२ ची (मायनरमध्ये वाढणारा हिमोग्लोबिनचा एक प्रकार) टेस्ट केली असती तर फसवी येऊ शकली असती, कारण लोहाची कमतरता असताना ए२ खाली येतं आणि मायनर झाकला जाऊ शकतो. म्हणून आधी लोह भरून घ्यायचं आणि मग टेस्ट. केली, ए२ निघालं ५.२ टक्के. साधारण साडेतीनपर्यंत नॉर्मल धरतात.

म्हणजे ताईंना दोन गोष्टी होत्या, लोहाची कमतरता जी बरी झाली, आणि बीटा थॅलेसेमिया मायनर जो जन्मापासून आहे आणि राहणार. लोकांना वाटतं हा फक्त सिंधी, कच्छी, लोहाणा, पंजाबी लोकांत असतो, तिथे प्रमाण जास्त आहे हे खरं, पण मराठी घरांतही असतो आणि कळतच नाही. यांचं एचबी १०-११ हेच त्यांचं नॉर्मल. लोह देत राहिलं तर एचबी वाढणार नाही, लोह मात्र साठत जाणार, आणि जास्तीचं लोह शरीराला बाहेर टाकता येत नाही, ते लिव्हरमध्ये, हृदयात जाऊन बसतं. भस्म म्हणून दिलं तरी तेच, आसव म्हणून दिलं तरी तेच.

मी सगळं लोह बंद केलं. घरात हे पटवायला औषध सुरू करण्यापेक्षा जास्त वेळ लागला, खोटं नाही सांगत. सासूबाई म्हणाल्या, "बरं वाटायला लागलं तर औषध बंद करता?" मग रिपोर्ट पुढे ठेवून, आकड्यांवर बोट ठेवून एकेक समजावलं.

काही वैद्य थॅलेसेमियालाही पांडूतच घालतात. माझ्या मते ते ओढूनताणून आहे. चरकाच्या शारीरस्थानात बीज, बीजभाग, बीजभागावयव यांची दुष्टी झाली की त्या त्या अवयवात विकृती येते अशी कल्पना आहे, तिकडे याची जागा जास्त बसते. पण मायनरला उपचारच लागत नाहीत, आयुर्वेदिक नाही की अ‍ॅलोपॅथिक नाही. मायनर गोळीने मेजर, म्हणजे याचाच गंभीर प्रकार, होत नाही आणि काढ्याने जातही नाही, आणि तसं कोणी पॅकेज विकत असेल तर चपला घालून बाहेर पडा.

खरा प्रश्न मुलांचा. ताईंच्या प्रत्येक मुलात मायनर असायची शक्यता ५० टक्के. आणि नवरा-बायको दोघंही मायनर असतील तर प्रत्येक गरोदरपणात मेजर मूल होण्याची शक्यता २५ टक्के, ज्याला दर दोन-चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. म्हणून आधी नवर्‍याची टेस्ट केली, त्यांचं ए२ नॉर्मल. परळला केईएमच्या आवारातच आयसीएमआरची (सरकारी वैद्यकीय संशोधन परिषद) रक्तविकारांवर काम करणारी संस्था आहे, त्यामुळे या भागातल्या लोकांना माहिती मिळवायला लांब जायला नको, पण आपल्याकडे पत्रिका चार ठिकाणी दाखवतात आणि ही एक टेस्ट करायला लाजतात.

मुलगी १९ वर्षांची, तिला कॉलेजच्या कॅम्पमध्ये एचबी कमी म्हणून लोहाच्या गोळ्या चालू होत्या. तिचं फेरिटिन आणि ए२ एकत्रच करून घेतलं. फेरिटिन ६१, ए२ ४.९. गोळ्या बंद, तिला सगळं तिच्या भाषेत समजावलं, लग्न कोणाशीही कर पण आधी त्याची ए२ बघ, यावर ती हसून म्हणाली बायोडाटातच टाकते. ताईंचं लोह बंद होऊन आता पाच महिने झालेत, एचबी १०.८ वर आहे, पाळी पाच दिवसांची, फेरिटिन सहा महिन्यांनी परत करायचंय कारण फायब्रॉइड पुन्हा होऊ शकतो. ताईंच्या बहिणींना निरोप गेलाय, एक करून आली, नॉर्मल निघाली. मुलाची बारावी चालू आहे, त्याची टेस्ट परीक्षेनंतर.